अंबोरेलाचा क्लोरोप्लास्ट वाचला आणि वाद पेटला

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमध्ये न्यू कॅलेडोनिया आहे, तिथल्या मुख्य बेटावर दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला अंबोरेला नावाचं झुडूप वाढतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि अख्ख्या कुळात ही एकच जात. फुलं पिवळट पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी, नर-मादी झाडं वेगवेगळी, शेजारून गेलात तरी लक्ष जाणार नाही. पण १९९९ मध्ये वेगवेगळ्या टीमनी मोजके जीन्स तपासले आणि सांगितलं की आज जिवंत असलेल्या सगळ्या फुलझाडांच्या वंशावळीत सगळ्यात आधी फुटलेली फांदी हीच!

आता वंशावळ लावायला क्लोरोप्लास्टच का (म्हणजे पानांच्या पेशींतले हरितद्रव्याचे कण, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो), तर त्यासाठी आपल्या परसातली गुलबक्षी आठवा. १९०९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी पांढऱ्या-हिरव्या पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग केले. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं बी लावलं की रोप पांढरंच, मग पराग कुठल्याही फांदीचा का असेना (अशी रोपं बिचारी जगत नाहीत, हरितद्रव्यच नाही ना). म्हणजे हा गुण आईकडून येतो. बहुतेक फुलझाडांत क्लोरोप्लास्टचा डीएनए असाच आईकडून येतो, बापाच्या डीएनएशी पिसला जात नाही, त्यामुळे माग काढायला सोपा. पुढे १९८६ मध्ये जपानी टीमनी तंबाखू आणि मार्कांशिया या लिव्हरवर्टचा (ओलसर जागी वाढणारी, फुलं न येणारी छोटी वनस्पती) पूर्ण क्लोरोप्लास्ट जीनोम, म्हणजे क्लोरोप्लास्टमधला सगळा डीएनए, वाचला, तिथून हे काम खरं सुरू झालं.

अंबोरेलाचा नंबर २००३ मध्ये लागला, डीएनएची १,६२,६८६ अक्षरं, संशोधक गोरेमिकिन आणि सहकाऱ्यांनी वाचली. आणि त्यांचा निष्कर्ष उलटाच, की अंबोरेला पहिली फांदी नाहीच, एकदल वनस्पती त्याच्या आधी वेगळ्या झाल्या. मला ही सगळी गोष्ट आवडते ती या वळणामुळे, कारण गडबड वाचण्यात नव्हती, तुलनेत होती. तुलनेला एकदल म्हणून घेतलेले तिघं कोण, तर भात, मका आणि गहू. तिन्ही गवतं, आणि गवतांचे क्लोरोप्लास्ट जीन्स भराभर बदललेत, त्यामुळे ती हिशेबात उगाच लांब, पार बुंध्याकडे ओढली जातात. सोल्टिस आणि इतरांनी २००४ मध्ये हाच आक्षेप घेतला.

मग मदतीला आलं वेखंड, हो तेच, बाळाच्या गुटीत उगाळतात ते. एकदलांमध्ये सगळ्यात आधी वेगळं झालेलं हे कुळ, आणि याचे जीन्स गवतांइतके पळालेले नाहीत. वेखंडाच्या कुळातले जीन्स हिशेबात घातल्यावर एकदल आपल्या जागी परत जायला लागले आणि अंबोरेला पुन्हा बुंध्याशी. २००५ मध्ये तर खुद्द गोरेमिकिन यांच्याच टीमने वेखंडाचा पूर्ण क्लोरोप्लास्ट वाचला. २००७ मध्ये ६४ क्लोरोप्लास्ट जीनोम एकत्र मांडले तेव्हाही अंबोरेला तिथेच. त्या पहिल्या फांदीवर अंबोरेला एकटी की कुमुदाच्या कुळासोबत, एवढ्यावर मात्र पुढेही बरीच वर्षं भांडण चाललं.