पेटी, टाळ की गिटार? भांडण जुनंच आहे

आमच्या चर्चमध्ये सध्या एकच विषय चालू आहे, रविवारच्या उपासनेत काय वाजवायचं. तरुण संघाला ड्रम, कीबोर्ड, प्रोजेक्टर आणि यूट्यूबवरची हिंदी वर्शिप गाणी हवीत, वडीलधारे म्हणतात आपली पेटी-तबला आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बास आहे. गंमत म्हणजे दोन्हीकडचे "आपली परंपरा" हाच शब्द वापरतात, म्हणून म्हटलं जरा मागे जाऊन बघू.

सगळ्यात जुनं उदाहरण गोव्याचं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) 1579 ला गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत, पण छपाई रोमन लिपीत. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती बंद पाडून नुसती शिकवण हातात ठेवली तर मन कसं रमणार, हे त्याला कळलं होतं. पण 1684 ला पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडा असा हुकूम काढला, मग अशा लिखाणाला आधार कुठून मिळणार!

आपल्या इकडची प्रोटेस्टंट मंडळी निराळ्या वाटेने आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 ला मुंबईत उतरले, 1831 ला अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर, पण जुन्या चर्चवाल्यांच्या तोंडी नगरच) ठाणं झालं, 1842 ला 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. सुरुवातीची बरीच गीतं म्हणजे परदेशी चालीत बसवलेले मराठी शब्द, आणि मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ त्या चालीत बसेना की शब्द मधेच तुटायचा, अजूनही काही गीतं म्हणताना ते जाणवतंच. मग नगरकडच्याच कृष्णराव सांगळे वगैरे लोकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. हरिदासासारखं पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी असली वृत्तं, मागे टाळ-मृदंग, फक्त आख्यान येशूचं. हे तर देवळातलं झालं, असं म्हणणारे तेव्हाही असणारच, आजच्या ड्रमला नावं ठेवणाऱ्यांसारखे.

खरा फरक पडला तो कवी नारायण वामन टिळकांमुळे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि घरात जो आकांत झाला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी ते वाचावं. पुढे टिळक नगरला राहिले, बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी होते. पण मुद्दा गाण्याचा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणून त्यांनी परक्या चालीत शब्द कोंबत बसण्यापेक्षा अभंग आणि पदंच लिहिली. आज नगर, पुणे, सोलापूर कुठेही जा, त्यांचं गीत निघालं की म्हाताऱ्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते संन्याशासारखे राहिले, 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनला हे पचणं अवघडच होतं, आणि 1919 च्या मे महिन्यात टिळक गेलेच, त्यामुळे दरबार नीट उभा राहायच्या आधीच थांबला.

कॅथलिकांची गोष्ट वेगळी. वसईत घरी-लग्नात वाडवळी, कादोडी या बोली चालू, पण मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) मात्र लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषेला वाट करून दिली तेव्हा कुठे वेदीवर मराठी आली, म्हणजे तिथली मराठी मिस्सा आमच्या काही आज्यांपेक्षा तरुण आहे.

आणि वडीलधारे ज्या पेटीसाठी भांडतात ना, ती स्वतः युरोपातून आलेली, भारतात तिला हाताचा भाता बसला एवढंच! गेल्या नाताळात आमच्या पोरांनी टिळकांचा एक अभंग गिटारवर बसवला, मागे कहॉन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं. पाळकसाहेब खूश, पण पहिल्या बाकावरच्या आजोबांनी बाहेर पडता पडता ऐकवलंच, "गाणं बरं होतं, पण ताल पळवलात रे."