दोरीवरचे दोन सदरे आणि घामाच्या ग्रंथी

मे महिन्यात लग्नसराईला चुलतभाऊ पुण्याहून गावी आला की एक दोन दिवस काकांसोबत वावरात जातोच, आणि संध्याकाळी दोघांचे सदरे दोरीवर टाकले की फरक लगेच दिसतो. भावाच्या सदऱ्यावर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे, बोट फिरवलं तर खरखर लागतं. काकांचा सदरा पण तितकाच भिजलेला होता पण वाळल्यावर जवळपास साफ. काकू म्हणते, "पुण्याला राहून त्याला ऊन सोसंना झालंय." काकूचं बरोबरच आहे, पण हे सोसणं शरीरात नेमकं कुठं होतं ते बघण्यासारखं आहे.

आपल्या कातडीत घामाच्या 20 ते 40 लाख ग्रंथी असतात. एकेक म्हणजे केसासारखी बारीक नळी, खाली तिची गुंडाळी आणि वर कातडीला तोंड. गुंडाळीत घाम तयार होतो तेव्हा तो जवळपास रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो, मग वर येता येता नळी त्यातलं मीठ परत ओढून घेते. घाम फार जोरात सुटला की नळीला तेवढी सवडच मिळत नाही आणि मीठ बाहेर पडतं.

मीठ किती ओढायचं याचा हुकूम मात्र दुसरीच ग्रंथी देते, किडनीवर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल. तिला नळीच नाही, ती आपला हार्मोन सरळ रक्तात सोडते, थायरॉईड आणि पिट्युटरी पण त्याच जातीच्या. अ‍ॅड्रिनलच्या या हार्मोनचं नाव अल्डोस्टेरॉन. रोज उन्हात काम केलं की साधारण एक दोन आठवड्यांत शरीर सरावतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट येतो. काका मार्चपासून उन्हात आहेत, भाऊ काल एसीतून आलाय. म्हणून शहरातून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दुपारभर राबवू नका, खरंच सांगतो.

1 लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तरच. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. आपल्या परभणी-नांदेडकडच्या कोरड्या उन्हात लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळतच नाही. पाणी कमी पडलं की मेंदूखालच्या हरभऱ्याएवढ्या पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन नावाचा हार्मोन सुटतो आणि किडनी पाणी अडवून धरते. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे हे काम सुरू झालंय, तहान नसली तरी प्या. मीठ घातलेलं ताक उत्तम.

आता पावसाळ्यातली गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. कापूस, सोयाबीनवर फवारणी सुरू असते, पाठीवर पंप, हवा दमट, माणूस घामानं निथळतोय, सगळ्यांना वाटतं उकाड्यानं होतंय. पण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक औषध अंगात गेलं (ते कातडीतूनही जातं) तरी घामच फुटतो. घामाच्या ग्रंथीला नसेकडून अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा निरोप येतो, आणि काम झालं की एक एन्झाइम तो निरोप पुसून टाकतं. हे विष त्या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग घाम, लाळ, डोळ्यातलं पाणी काही थांबत नाही, श्वासनळीतल्या ग्रंथीही पाझरायला लागतात आणि जीव जातो तो बऱ्याचदा त्यानंच.

ओळखायचं कसं? उन्हानं घाम येतो तेव्हा तोंड कोरडं पडतं. घामासोबत तोंडाला लाळ सुटली, डोळे गळायला लागले, बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला, तर तो उकाडा नाही.

दवाखान्यात यावर अ‍ॅट्रोपिन देतात, ते ग्रंथींपर्यंत निरोप पोचूच देत नाही. बांधावरच्या धोत्र्यात हेच द्रव्य असतं, म्हणून धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचं अंग तापतं पण घाम येत नाही. पण घरी कुणी धोत्रा देऊ नका, कुठल्या बोंडात किती विष आहे ते सांगता येत नाही. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी, आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत घ्या, लेबल बघितल्याबरोबर डॉक्टरला कळतं.