मारबतीच्या शहरात जाहिरातींची फिरकी

कंपनीच्या पोस्टखाली नागपूरकर जी खेचाखेची करतात, ती मोबाइलबरोबर आली असं मानायला माझी तयारी नाही. इथे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते : काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे. महागाई असो की पुढारी, पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. राग असतोच, पण नाचत काढलेला.

जाहिरातीची टरही जुनीच. दूरदर्शनच्या काळात निरमाच्या गाण्यात पोरं वर्गमित्राचं नाव घुसवायची. ते विडंबन मधल्या सुट्टीत संपायचं, कंपनीला पत्ताही लागत नसे. सोशल मीडियावर मात्र टोमणा थेट कंपनीच्याच फळ्यावर लिहिता येऊ लागला.

त्याचा मोठा दणका मॅकडोनाल्ड्सला बसला. जानेवारी २०१२ मध्ये, माल पुरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोड गोष्टी पसराव्यात म्हणून कंपनीने पैसे मोजून ‘मॅकडीस्टोरीज’ हा हॅशटॅग चालवला. लोकांनी त्यात खाण्यातून झालेल्या फजितीचे किस्से ओतले. दोनेक तासांत कंपनीने तो प्रचार गुंडाळला. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर काही जण चिडले आणि मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या अ‍ॅपला एकेक तारा देऊन आले! तो प्रकार रागाचा. गंमत केली ती बघ्यांनी.

नागपुरी खोडीची रीत वेगळी. जाहिरातीतलं वचन शब्दशः घ्यायचं आणि भोळा चेहरा करून विचारायचं. उन्हाळ्यात एसीची चकचकीत पोस्ट आली की खाली उमटतं, ‘काऊन बे, ४६ डिग्रीत हे चालते का, का कूलरमधीच पानी भरू?’ शिवी नाही, बहिष्कार नाही. उत्तर द्यावं तर कंपनीचं हसं, न द्यावं तरी हसं.

मग वरच्यांनीही हीच भाषा उचलली. सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतुकीचे वाढीव दंड नुकतेच लागू झाले होते आणि चंद्रावरच्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला होता. नागपूर शहर पोलिसांनी ट्विट केलं : प्रिय विक्रम, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल चालान फाडणार नाही. देशभर हशा पिकला. ब्रँडही आता पगारी मीमवाले ठेवतात. त्यांच्या पोस्टखाली लोक विचारतात, ‘भाऊ, ह्या जोकचं बिल कितीचं झालं?’