वजन वाढणं आणि अंग भरणं

बारीक माणसाला सगळे सांगतात, ‘वजन वाढव.’ त्यांच्या मनात मात्र असतं अंग भरणं. काट्याला यातला फरक कळत नाही. आपल्याला कळायला हवा.

आकडा दोन दिवसांतही चढतो. पिष्टमय पदार्थ भरपूर खाल्ले की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टाचा शरीरातला साठा, जमतं. त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी शरीरात राहतं. हे वजन खोटं नाही, पण अंगी लागलेलंही नाही. हमखास वजन वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत तर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड लपवलेलं सापडलं आहे. त्यानं चेहरा गोल होतो, पोट सुटतं आणि मांड्या-दंडांचे स्नायू मात्र झिजतात. लोक म्हणतात, ‘तब्येत सुधारली!’ मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

अंग भरतं ते स्नायूंनी, आणि नुसत्या खाण्यानं स्नायू होत नाहीत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं उतरलं. पुढे पोटभर अन्न मिळू लागलं तेव्हा चरबी झपाट्यानं परतली, स्नायू मागे रेंगाळले. म्हणून खाण्याच्या जोडीला स्नायूंना काम हवं: वजन उचलणं, जोर, बैठका, आठवड्यातून दोन-तीनदा. मग प्रथिनांना जायला जागा मिळते. ५० किलोच्या माणसाला एरवी दिवसाला ४० ग्रॅम प्रथिनं पुरतात. असा व्यायाम करणाऱ्यानं ८० ग्रॅमपर्यंत न्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त, एवढी भर सुरुवातीला पुरते. भूकच कमी असेल तर ताट मोठं करून उपयोग नाही, पोट आधीच नको म्हणतं. थोडंथोडं पाच-सहा वेळा खावं आणि जेवणाआधी पोटभर पाणी पिऊ नये. दाणे, तेल, सायीचं दूध यांची भर घालावी, कारण स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिष्ट आणि प्रथिनांत ४.

मुळात वाढवायची गरज आहे का, हेही पाहावं. प्रौढांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली गेला की वजन कमी धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीला ही रेघ साधारण ५० किलोवर येते. लहानपणापासून सडपातळ, भूक चांगली, दम टिकतो, अशा माणसाला रेघेच्या जरा खाली असूनही काही झालेलं नसतं. पण प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर आहाराचा विचार नंतर. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, आतड्याचे विकार, नैराश्य, यातलं काहीही मागे असू शकतं. आधी तपासणी. आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्यानं एकदम भरपेट खाणं धोक्याचं आहे. रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकतं.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही गती चांगली. काट्याबरोबर शिंप्याची टेपही हाताशी ठेवा. महिन्यातून एकदा दंड, मांडी आणि कंबर मोजा. फक्त कंबरच वाढत असेल, तर जेवण तेच ठेवून व्यायाम वाढवा.