लिलावांनी ठरवलेला वेग : भारतातील मोबाइल ब्रॉडबँडची पार्श्वभूमी

मोबाइल इंटरनेटचा इतिहास बहुधा २जी, ३जी, ४जी, ५जी अशा पिढ्यांच्या क्रमाने सांगितला जातो. भारतात मात्र प्रत्येक पिढी केव्हा अवतरली आणि किती वेगाने चालली, हे प्रयोगशाळांपेक्षा स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओ लहरींच्या, वाटपाने अधिक ठरवले.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण करून देशातील मोबाइल सेवेचा आरंभ केला, तेव्हा हे जाळे केवळ बोलण्यासाठी उभारलेले होते. पुढे त्यावरच जीपीआरएस आणि एज या इंटरनेटसाठीच्या तंत्रांची सोय करण्यात आली. पण कंपन्यांकडे प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे परवान्यांसाठी आखलेल्या विभागात, मोजकेच मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम होते आणि त्यांतील बहुतांश कॉलसाठीच खर्ची पडत, त्यामुळे वेग किलोबिटांपुढे फारसा गेला नाही.

जपानमध्ये ३जी सेवा २००१ मध्येच विक्रीला आली होती. भारतात सरकारी एमटीएनएलने ती दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू केली आणि खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावापर्यंत थांबावे लागले. ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चाललेल्या त्या लिलावातून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले, परंतु एकाही खासगी कंपनीला सर्व २२ सर्कल मिळवता आली नाहीत. एअरटेलला मुंबई मिळाली, पण गोव्यासह उर्वरित राज्याचे महाराष्ट्र सर्कल मिळाले नाही. ते टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांच्याकडे गेले. या उणिवा भरून काढण्यासाठी कंपन्यांनी एकमेकींची जाळी वापरण्याचे करार केले. दूरसंचार विभागाने त्यांना हरकत घेतली आणि हा वाद एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने कंपन्यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत रेंगाळला. ३जी भारतात कधीच नीट स्थिरावले नाही, याचे एक मोठे कारण या तुकड्यातुकड्यांच्या वाटपात आहे.

२०१० मधलाच दुसरा लिलाव त्या वेळी कमी गाजला, परिणाम मात्र त्याचाच मोठा ठरला. २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील प्रत्येकी २० मेगाहर्ट्झचे हे तुकडे होते आणि सर्व २२ सर्कल जिंकणारी इन्फोटेल ब्रॉडबँड ही एकमेव कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजने निकालाच्याच दिवशी विकत घेतली. एअरटेलला चार सर्कल मिळाली, त्यांत कोलकाता आणि महाराष्ट्र होते; म्हणूनच देशातील पहिली ४जी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात आली आणि त्याच वर्षी ती पुण्यातही पोहोचली. इन्फोटेलचा परवाना मूळचा केवळ इंटरनेटचा होता. २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून तिला फोनसेवेचीही मुभा मिळाली, आणि हे शुल्क फार कमी असल्याची टीका पुढे झाली, ती निराधार म्हणता येणार नाही. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून सहज आत शिरत नाहीत. त्यामुळे कंपनीने १८०० आणि ८५० मेगाहर्ट्झचे पट्टेही जोडून घेतले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी या कंपनीची सेवा जिओ या नावाने सुरू झाली तेव्हा तिला जुने २जी किंवा ३जी जाळे सांभाळायचे नव्हते आणि कॉलही ४जीवरूनच जात असल्याने सगळा स्पेक्ट्रम डेटाच्या कामी आला. मार्च २०१७ पर्यंतच्या मोफत सेवेने दर कोसळले आणि २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया यांना एकत्र यावे लागले.

दूरवर पोहोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा चढ्या राखीव किमतीमुळे (किमान बोलीमुळे) २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत पडून राहिला. २०२२ मध्ये राखीव किंमत उतरल्यावर तो जिओने घेतला. सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या या लिलावानंतर १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जीचे उद्घाटन झाले. जिओने त्यासाठी जाळ्याची स्वतंत्र मध्यवर्ती यंत्रणा (गाभा) उभारली, तर एअरटेलने आपल्या ४जीच्याच आधाराने सेवा सुरू केली.