मंगेशकरांचं घर खचायला लागलं ते सांगलीत

आशाताई आमच्या सांगलीच्या, हे इथं कुणीही छाती फुगवून सांगेल. जन्म 8 सप्टेंबर 1933, सांगलीतच. लतादीदी जन्मल्या इंदूरला, 1929 साली, पण त्यांचंही लहानपण बरंचसं इथलंच. या बहिणींच्या हालअपेष्टांची गोष्ट मात्र लोक हमखास 24 एप्रिल 1942 पासून सुरू करतात. वडील मास्टर दीनानाथ पुण्यात वारले, बारा वर्षांच्या लताच्या अंगावर घर पडलं आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. यात चूक काही नाही. पण ते घर आधी कितीतरी वर्षं खचत होतं, ते सोयीस्करपणे गाळलं जातं.

दीनानाथ मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, जन्म 1900 चा. आई येसूबाई राणे देवळाच्या सेवेतल्या घराण्यातल्या, वडील गणेशभट अभिषेकी तिथलेच पुजारी. त्या काळात अशा मुलाला बापाच्या घराण्यात रीतसर जागा नव्हती. मग देवाच्या आणि गावाच्या नावावरून मंगेशकर. ज्या आडनावासमोर पुढं सगळा देश झुकला, ते अशा अडचणीतून आलेलं आहे.

पोरवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बाहेर पडून त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातली त्यांची लतिका गाजली आणि घरातली थोरली मुलगी हेमा लता झाली, तीही त्या लतिकेवरूनच.

नाटक कंपनीला सांगली परकी नव्हतीच. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच सीतास्वयंवराचा खेळ केला, नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं बिऱ्हाड. गाणाऱ्या माणसानं घर करावं असाच हा पट्टा.

पण काळ फिरला होता. 1932 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तिकडं वळायला लागला. कंपनी म्हणजे काही चार नट आणि एक पेटी नव्हे. गवई, साजिंदे, पडदे ओढणारे, आचारी, शिवाय त्यांच्या मागं त्यांची बायकापोरं. खेळ झाला नाही तरी चूल पेटवावीच लागते. तेव्हा मंडळींनी ठरवलं, आपणच चित्रपट काढू. सांगलीत बळवंत पिक्चर्स उभी राहिली आणि 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला. दिग्दर्शन चिंतामणरावांचं, जोडीला तरुण विश्राम बेडेकर. चित्रपट चालला नाही.

इथं नाटकवाल्यांचा हिशेब चुकला, असं मला वाटतं. नाटक पडलं तर उद्या दुसरं लावता येतं. पडदे तेच, नट तेच, फार तर गाव बदलायचं. चित्रपटात सगळा पैसा आधीच रिळात अडकलेला. तो पडला की पुन्हा उभं राहायला हातात काही उरत नाही, आणि कर्जाला मुक्काम हलवता येत नाही.

गंमत अशी की याच वर्षांतलं घर मुलांना आठवतं ते गाण्यानं भरलेलं. दीनानाथ शिष्य चंद्रकांत गोखल्यांना पूरिया धनाश्री राग घोकायला सांगून बाहेर गेले. लता जेमतेम पाच वर्षांची. तिला गोखल्यांचा सूर खटकला, तशी ती आत जाऊन बरोबर कसं ते गाऊन दाखवायला लागली. परत आलेल्या दीनानाथांनी ते ऐकलं, बायकोला म्हणाले की गवई आपल्या घरातच आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मुलीला उठवून तंबोऱ्यासमोर बसवलं. शाळेचं मात्र जमलं नाही. दहा महिन्यांच्या आशाला कडेवर घेऊन लता शाळेत गेली, तान्हं मूल इथं चालणार नाही म्हटल्यावर तणतणत घरी आली आणि पुन्हा गेली नाही. दीदींनीच हे किस्से मुलाखतींतून सांगितलेत. लोक हसून ऐकतात. मला त्यात पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवरचं ते मूल जास्त दिसतं.

पुढं सगळं घसरत गेलं. देणी, बंद पडत चाललेले खेळ, दीनानाथांना जडलेली दारू, मग आजारपण. सांगलीचं बिऱ्हाड मोडून कुटुंब पुण्याला गेलं. दीनानाथ वारले तेव्हा अवघे 41 वर्षांचे होते. मागं पत्नी माई आणि पाच मुलं.

चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक धावून आले. 1942 च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये लताला छोटं काम मिळालं. तिच्या भुवया जाड आणि कपाळ लहान म्हणून सेटवर भुवया आणि कपाळावरचे केस कापले गेले, आणि पोर रडत घरी आली. अभिनय तिला कधीच आवडला नाही. तरी विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्ससाठी कुटुंब कोल्हापूरला आलं आणि ती पगारावर पडेल ती भूमिका करत राहिली. ‘माझं बाळ’साठी 1943 मध्ये आशाही गायली, ‘चला चला नव बाळा’. ती तेव्हा फार तर दहा वर्षांची असेल, आणि घरात आता कमावते गळे दोन झाले होते.