कोकणची हवाही जिथे कोरडी पडते

मालवणात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, नुसती जागा बदलतात. अंगणातल्या दोरीवरून पडवीत, पडवीतून माजघरात आणि शेवटी सगळे उपाय थकले की चुलीवर टांगलेल्या दांडीवर. तिथे मात्र तासा-दोन तासांत खडखडीत. शाळेत असताना जून ते सप्टेंबर आमच्या गणवेशाला धुराचा वास असायचा. सगळ्या वर्गाच्याच कपड्यांना असायचा, म्हणून तो कुणालाच येत नसे.

चुलीवरची हवा काही निराळी नसते. दारातून आत आलेली, मिठाच्या बरणीला पाणी सुटायला लावणारी तीच हवा, फक्त तापलेली. हवा तापली की तिची तहान वाढते. २७ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम वाफ मावते, ७० अंशांच्या हवेत जवळजवळ २०० ग्रॅम. म्हणजे ९० टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा घेतली आणि पाण्याचा एक थेंबही न काढता तिला ७० अंशांपर्यंत तापवलं, तर तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. वाळवंटी दुपारच्या तोडीची कोरडी हवा, आणि तीही मालवणात, भर पावसात.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण शेजारचे आबा. आबांची होडी आहे, डिझेलच्या खर्चाने ते मेटाकुटीला आलेत, आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या बोटीची बातमी त्यांनी कुठेतरी पाहिली होती. कोचीन शिपयार्डने बांधलेली तशी एक प्रवासी बोट २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पाण्यात उतरली, तीच असावी. मी त्यांना समजावत होतो की या यंत्रात धूर नाही, बाहेर पडतं ते फक्त पाणी. आणि पुढे सहज बोलून गेलो की यंत्राच्या आतला पडदा मात्र सतत ओला ठेवावा लागतो, त्यासाठी हवेला आधी पाणी पाजतात. आबा थांबले. म्हणाले, "पाणी तर हेच्यातसूनच भायर पडता, मगे आणखी पाणी कित्याक व्हया? आणि आपली हवा काय कमी ओली आसा?"

दोन्ही प्रश्न अगदी बरोबर जागी लागले होते.

त्या बोटीतलं यंत्र म्हणजे फ्युएल सेल, मराठीत इंधनघट. जळण न पेटवता वीज काढण्याची ही युक्ती. विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या वकिलाने १८३९ मध्ये तिचा पहिला प्रयोग केला. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये एक पातळ पडदा. पडद्याच्या दोन्ही अंगांना ही प्रक्रिया घडवून आणणारे प्लॅटिनमचे बारीक कण. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तारेतून लांबच्या वाटेने जातो आणि जाता जाता मोटर फिरवतो. उरलेला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो, तिथे हवेतला ऑक्सिजन गाठतो आणि पाणी होतं. अशा एका घटातून मिळतो जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट, म्हणून शेकडो घट घावण्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचतात. या चवडीलाच स्टॅक म्हणतात.

खरी गंमत पडद्यात आहे. १९६० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत तयार झालेलं नॅफिऑन हे त्याचं सगळ्यात माहितीतलं रूप. त्याचा कणा टेफ्लॉनचा, म्हणजे पाण्याला जवळ न करणारा, आणि त्या कण्याला लटकलेले सल्फॉनिक आम्लाचे गट मात्र पाण्याचे भुकेले. पडद्यात पाणी शिरलं की या गटांभोवती नखभरही नाहीत अशा सूक्ष्म पाणवाटा तयार होतात. प्रोटॉन त्यातून एकटा चालत जात नाही. होडीतून मासळीच्या पाट्या हातोहात किनाऱ्यावर येतात, तसा पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिला जातो. मधली माणसं उठून गेली की पाट्या जिथल्या तिथे. पडदा सुकला की त्याची प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमता दहा पटींहून खाली येते, वीज घसरते, आणि अडलेल्या शक्तीची उष्णता होऊन पडदा आणखी सुकतो. आजकालचे पडदे १० ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे, केसापेक्षाही कितीतरी पातळ. ओला झाला की फुगतो, सुकला की आक्रसतो. हे वारंवार झालं तर त्याला भेग पडते, आणि मग हायड्रोजन आणि हवा यांची थेट गाठ पडते, जी पडायला नको.

आता आबांचं म्हणणं. मध्यम आकाराच्या बोटीला पुरेल असा ५० किलोवॅटचा स्टॅक धरू. पूर्ण ताकदीने चालताना तो ताशी सुमारे २६ लिटर पाणी तयार करतो. म्हणजे दर तासाला दोन कळशा. मग तहान कसली?

तहान हवेची. एवढी वीज काढायला स्टॅकमधून सेकंदाला चाळीस-पन्नास लिटर हवा सोडावी लागते. नेमक्या गरजेच्या साधारण दुप्पट, कारण ऑक्सिजन शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवा. ही हवा आत शिरून तापते, आणि चुलीवरच्या हवेने गणवेशाचं पाणी ओढावं तसं पडद्याचं पाणी ओढून घेऊन बाहेर पडते. हिशेब केला तर असं दिसतं: वातावरणाच्या दाबाला, दुप्पट हवा सोडून, यंत्र ६० अंशांच्या खाली चालवलं तर तयार होणारं पाणी हवेची तहान भागवून वर उरतं. ६० च्या वर गेलं की हवा पाणी तयार होण्यापेक्षा भरभर ते उचलून नेते. ही ६० अंशांची रेघ या शास्त्रातली फार जुनी ओळखीची रेघ आहे. यात आपल्या कोकणच्या ओलाव्याचा वाटा किती? मी कागदावर मांडून पाहिलं. ९० टक्के आर्द्रतेची हवा आत घेतली तर ती रेघ ६० वरून सरकते ६२ च्या जवळ. चार महिने आपला जीव नकोसा करणारा दमटपणा, आणि त्याची सूट एवढीच, दोनेक अंशांची!

मग चालवा ना ५५ अंशांवर, असं कुणीही म्हणेल. इथेच उष्णता आडवी येते.

तो ५० किलोवॅटचा स्टॅक वीज देताना जवळपास तेवढीच उष्णताही टाकतो, घरच्या वीसेक शेगड्या एकदम पेटवाव्यात इतकी. डिझेल इंजिनही उष्णता टाकतं, पण त्याचा मोठा हिस्सा धुरातून, कित्येक शे अंशांनी तापून, परस्पर नळीवाटे निघून जातो. फ्युएल सेलमधून बाहेर पडणारी हवा मुळात ७० अंशांची, ती काय नेणार? जवळजवळ सगळा बोजा थंड करणाऱ्या पाण्यावर आणि रेडिएटरवर. आणि रेडिएटर किती उष्णता टाकेल हे ठरतं तो बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे त्यावर. मे महिन्यात बाहेर ३५ अंश असताना स्टॅक ७५ वर असेल तर मध्ये ४० अंशांचा उतार मिळतो. ५५ वर असेल तर फक्त २० चा, म्हणजे रेडिएटर दुप्पट मोठा हवा. थंड ठेवावं तर उष्णता निघत नाही, गरम ठेवावं तर पडदा सुकतो. पुस्तकांत उष्णतेचं प्रकरण वेगळं आणि पाण्याचं वेगळं असतं, ते मला कधीच पटलं नाही. एकाच दोरीची ती दोन टोकं आहेत.

यातून काढलेली वाट आपल्या नाकासारखी आहे. श्वास आत घेताना नाक हवेला गरम आणि ओली करून फुप्फुसात पाठवतं, आणि सोडताना त्यातलं काही पाणी आणि ऊब परत ठेवून घेतं. स्टॅकला जोडलेला आर्द्रक हेच करतो. त्यात शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून ताजी कोरडी हवा जाते, बाहेरून स्टॅकमधून निघालेली ओली गरम हवा. नळीच्या भिंतीतून पाण्याची वाफ पलीकडे जाते, बाकीचे वायू फारसे नाहीत. ताजी हवा आधी कॉम्प्रेसरमधून आलेली असते, आणि दुप्पट दाबाला दाबली की ती १०० अंशांच्याही पुढे तापते. म्हणून आर्द्रकाच्या आधी तिला थंड करणारा एक हीट एक्स्चेंजर बसवतात, म्हणजे दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं साधन. टोयोटाने २०१४ च्या मिराई मोटारीत हा बाहेरचा आर्द्रक काढूनच टाकला. पडदा इतका पातळ केला की हवेच्या बाजूला तयार झालेलं पाणी झिरपून हायड्रोजनच्या बाजूला जावं, आणि हायड्रोजन फिरता ठेवून तो ओलावा सगळीकडे पोचवला.

कारण पाण्याचं आत वाटपही सरळ होत नाही. पलीकडे जाणारा प्रत्येक प्रोटॉन एखाद-दोन पाण्याचे रेणू सोबत ओढून नेतो. हायड्रोजनची बाजू त्यामुळे कोरडी पडते आणि हवेच्या बाजूला, जिथे पाणी तयारही होतंय, तिथे तुंबतं. एकाच वेळी दुष्काळ आणि पूर, मध्ये काही मायक्रॉनचं अंतर. तुंबलेलं पाणी ऑक्सिजनची वाट अडवतं. म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना जो कार्बनच्या धाग्यांचा कागद असतो, त्याला टेफ्लॉन चोपडतात. पाणी त्यात मुरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं आणि हवेच्या झोताबरोबर निघून जातं. कोकणात पूर येईल तो मुख्यतः यंत्र नुकतंच सुरू होताना किंवा संथ चालताना, स्टॅक गार असताना. थंड देशांत मात्र आत उरलेलं पाणी रात्री गोठतं, त्या दुखण्यातून आपण सुटलो.

एका बाबतीत मात्र नागपूरकर आपल्यापेक्षा सुखी. स्टॅकमधून निघालेलं पाणी रेडिएटरवर फवारून त्याला आणखी गार करता येतं, कूलरच्या तत्त्वावर. पण कूलर कोकणात चालत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाणी फवारून फार तर किती गार करता येईल, हे ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक सांगतो: मे महिन्याच्या दुपारी नागपुरात ४३ अंशांतही तो २४ च्या आसपास दाखवेल, आणि मालवणात ३३ अंशांत २८.

आबांकडे मात्र रेडिएटरपेक्षा मोठं काहीतरी आहे: खाली अख्खा दर्या. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातही तिसाच्या आसपास, आणि पाणी उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर उचलतं. पण ते थेट स्टॅकमध्ये सोडता येत नाही. शेकडो घट एकमेकांना जोडलेले, दोन टोकांत शेकडो व्होल्ट, आणि थंड करणारं पाणी सगळ्यांतून फिरतं. खारं पाणी वीज वाहून नेईल आणि सगळंच गळेल. म्हणून आतल्या फेऱ्यात क्षार काढून टाकलेलं पाणी, बाहेरच्या फेऱ्यात दर्याचं पाणी, आणि दोघांच्या मध्ये टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांचा हीट एक्स्चेंजर. त्या पत्र्यांवर शेवाळ आणि कालवांचे भाऊबंद बसणार, ते खरवडण्याचं काम होडीवाल्याला नवीन नाही.

खारं वारं जास्त त्रासाचं. त्यातलं सोडियम पडद्यातल्या आम्ल गटांवर प्रोटॉनच्या जागी ठाण मांडतं, क्लोराइड प्लॅटिनमवर बसतं. अमोनियाही पडद्याला तसाच बाधतो, आणि बंदरावर बर्फाच्या कारखान्यांची शीतयंत्रं बहुतेक अमोनियावरच चालतात. तेव्हा हवेच्या तोंडाशी चांगली गाळणी हवी, आणि ती वेळच्या वेळी बदलायला हवी.

पाण्याची ही कटकटच नको असेल तर दुसरा मार्ग अंबरनाथला सापडतो. तिथल्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल तयार केला, आणि ८ मार्च २०२१ रोजी त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी पार पडली. या जातीचे सेल दीडशे ते दोनशे अंशांवर चालतात. प्रोटॉन आम्लातूनच जातात, म्हणून पडदा भिजवत बसावं लागत नाही, आणि एवढ्या गरम स्टॅकमधून उष्णता काढणंही सोपं. पण तो तापायला वेळ लागतो. पहाटे साडेतीनला होडी लोटणाऱ्याला ते परवडणार नाही.

हे सगळं ऐकून आबांच्या डोक्यात राहिला एकच आकडा. "ताशी सव्वीस लिटर? मगे दर्यात जाताना गोड्या पाण्याचे कॅन कित्याक न्हेऊचे?" मी त्यांना सांगितलं की १९६५ च्या अमेरिकी जेमिनी ५ अंतराळयानात असेच पडद्याचे सेल होते, पण त्यांचं पाणी पडद्यातून सुटलेल्या घाणीमुळे पिण्यालायक निघालं नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी प्यायलं ते वेगळ्या, अल्कली जातीच्या सेलचं. आजचे पडदे सुधारलेत, तरी झिजताना थोडं फ्लोराइड आणि आम्ल सोडतातच, तपासल्याशिवाय नको.

आबा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "पियाक नको. जाळी धुवक तरी चालात मां?"

धुवायला चालेल, म्हटलं.